खळीच्या सुताचा मफलर

त्या वर्षी निशातगंजच्या आमच्या गल्लीत जिच्या तिच्या गळ्यात एकच मफलर होता. रंग निराळे, मफलर तोच. त्याच्या एका टोकाला विणतानाच एक चीर सोडलेली असायची आणि दुसरं टोक पानासारखं निमुळतं केलेलं. मानेभोवती गुंडाळायचा, पान चिरेतून ओढून घ्यायचं, की झालं. रिक्षात बसा नाहीतर स्कूटरवर मागे बसा, मफलर जागचा हलायचा नाही. हा नमुना कुठल्या पुस्तकात नव्हता. एकीच्या गळ्यातला मफलर दुसरी हातात घ्यायची, उलटा करून बघायची, बोटांनी टाके मोजायची आणि म्हणायची, "उतार लिया." दिवाळीनंतर तो नमुना गल्लीत आला आणि नाताळ यायच्या आत सगळ्या बायकांनी उतरवून घेतला. फक्त माझी बायको राहिली.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. एका सरकारी बँकेत अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक लखनौला झाली आणि लग्नानंतर आम्ही दोघं निशातगंजमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. खाली घरमालक आणि मालकीण. गच्ची सगळ्यांची.

माझं गाव माणदेशातलं, घर घोंगडी विणणाऱ्यांचं. आजोबा मागावर बसले, माझे वडील, आप्पा, मागावर बसले. मी बसलो नाही, कारण आप्पांनी मला बसू दिलं नाही. आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर, तालुक्याच्या कॉलेजचं वसतिगृह, फी माफ करणारे प्राचार्य, या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी आजही मानतो. घराण्यातला पहिला पदवीधर मी. निकाल लागला त्या दिवशी आप्पांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन तळवे बघितले आणि म्हणाले, "हे आता असंच मऊ ऱ्हाऊ दे."

बायको सांगलीकडची, तीही शिकलेली. लखनौला आल्यावर तिनं एका लहान शाळेत मास्तरकी धरली. सकाळच्या धुक्यात ती ल्यूनावरून शाळेत जायची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढून घ्यायची मजा. इथली थंडी हाडात शिरायची. तिचे कान ठणकायचे. एकदा शालीचं टोक चाकात अडकता अडकता वाचलं. तिला तो मफलर खरोखरच हवा होता.

आणखीही एक गोष्ट होती. हिवाळ्यात जेवणं उरकली की तिथल्या बायका गच्चीवर जातात. खाटा टाकतात, संत्री सोलतात, शेंगा फोडतात आणि विणतात. सुट्टीच्या दिवशी बायकोही त्यांच्यात जाऊन बसायची. पहिल्याच दिवशी मालकीणबाई सगळ्यांना म्हणाल्या, "अरे, इनके उधर तो ठंड ही नहीं पड़ती. ये बेचारी क्या जाने ऊन!" ऊन म्हणजे त्यांची लोकर. त्यात वाईट हेतू नव्हता. पण त्या 'बेचारी'नं तिच्या मनात घर केलं. बायको खाली येऊन मला म्हणाली, "त्या सगळ्या विणतात आणि मी मटार सोलते."

तिनं मालकीणबाईंकडूनच सुलट-उलट टाके शिकून घेतले आणि मफलर विणायला घातला. निशातगंजच्या दुकानातली गुलाबी, मऊ, चकचकीत लोकर. सगळ्यांनी तिथलीच घेतली होती. झाला पुरा, गळ्यात घातला, आणि चौकापर्यंत जायच्या आत पान चिरेतून सुटून खांद्यावर लोंबायला लागलं. चीर सैल पडून फाटक्या खिशासारखी दिसत होती. दुसऱ्या खेपेला निळा केला, तोही तसाच. बाकीच्या बायकांचा हात लहानपणापासूनचा. त्या चिरेची कड आवळून घ्यायच्या. हिचा हात नवा होता, सैल होता. मालकीणबाई म्हणाल्या, "छोड़ो बेटा, बाज़ार से ले लो. सबके बस की बात नहीं होती."

तिनं सुया कपाटावर फेकल्या. "मी परत हात लावणार नाही."

मी तो निळा मफलर हातात घेऊन बघत बसलो. चिरेची कड दोन बोटांत धरून ताणली आणि सोडली. ती परत मागे आलीच नाही.

"तुझा हात वाईट नाही," मी म्हणालो. "सूत वाईट आहे. याला पकडच नाही."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिलाही ते बोलल्यावर लक्षात आलं असावं, कारण ती हसली. लोकरीतलं कळत नाही असं माझ्या घराण्यात कुणीच नाही.

पुढच्या रविवारी आम्ही अमीनाबादला गेलो. लोकरीच्या दुकानांची रांगच आहे तिथे. मी प्रत्येक लडीचा धागा बोटांत चोळून बघायचो, ओढायचो, सोडायचो. बरीचशी तर लोकर नव्हतीच, लोकरीसारखं दिसणारं काहीतरी होतं. खरी लोकरही होती, पण इतकी गुळगुळीत केलेली की एक टाका दुसऱ्यावरून घसरत जाईल. शेवटच्या दुकानातला मालक माझी ही चोळाचोळ बघून कंटाळला.

"भाईसाहब, इससे मुलायम ऊन पूरे लखनऊ में नहीं मिलेगी."

"मुझे मुलायम नहीं चाहिए. पकड़ने वाली चाहिए."

"पकड़ने वाली तो पुलिस होती है, भाईसाहब!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. बायको माझी बाही ओढत म्हणाली, "चला ना. तयार घेऊ एखादा आणि संपवू हे." मी नाही म्हणालो.  परत येताना रिक्षात मी म्हणालो, "आपल्या घरचं सूत मागवतो."

"घोंगड्याचं?"

"घोंगड्याचं."

"गळ्यात घालायला?"

रिक्षा निशातगंजला पोचेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. मी मात्र ठरवलं होतं. आमच्या घरची लोकर उन्हातान्हात, पावसापाण्यात माणसाच्या खांद्यावर राहते. ती एका चिरेत पान धरून ठेवणार नाही? आणि विणणार मी. तिनं तर हात लावणार नाही असं सांगितलंच होतं.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावच्या वाण्याच्या दुकानात फोन लावला. आप्पांना बोलावून आणलं. मी म्हणालो, सूनबाईला मफलर करायचाय, थोडं काळं सूत पाठवा.

"करनार कोन? तिला येतं व्हय?"

"मी करणार आप्पा."

 

"आरं, मागावरनं उठिवला तुला," आप्पा म्हणाले. "खुर्चीवर बसिवला. आन् तू पुन्ना लोकरीत हात घालनार? लोकं काय म्हनतील, सायेब झाला आन् पुन्ना धागाच वडतोय?"

"म्हणू दे."

"म्हनू दे म्हनं! मला इचार त्यांचं बोलनं."

"आप्पा, तुमच्या मनाविरुद्ध आहे हे मला कळतंय. तरी पाठवा."

आप्पांपुढे असं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी काय सोसलं ते मला ठाऊक होतं. पण मागावरून उठवणं आणि मागाची लाज वाटायला लावणं या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि पहिलीसाठी जन्मभर ऋणी राहूनही दुसरी मी पत्करणार नव्हतो. हे सगळं फोनवर सांगता आलं नाही. आप्पांनी फोन ठेवून दिला.

सूत आलं. कापडात शिवलेलं, वर आप्पांच्या नव्हे तर शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात पत्ता. उसवलं तर आत काळ्याभोर सुताच्या लडी, पण ताठ. वाकवली की कडकन आवाज येईल अशा. बायकोनं एक लडी उचलली. "हे सूत आहे की तार?"

मी नाकाशी धरलं आणि ओळखलं. खळ! आमच्याकडे चिंचोके दळून, शिजवून त्याची खळ करतात आणि मागावर उभ्या ताणायच्या, ताण्याच्या सुताला चोपडतात, म्हणजे मागावर सूत तुटत नाही, घोंगड्याला अंग येतं. आप्पा माझ्यावर रागावले होते, पण रागावले म्हणून बिनखळीचं सूत घराबाहेर पाठवणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. आमच्याकडे ते म्हणजे कच्ची भाकरी वाढण्यासारखं. मफलर काय, घोंगडं काय, सूत द्यायचं तर तयार द्यायचं. त्यांनी सगळ्यात चांगलं म्हणून जे पाठवलं, ते सुयांवर एक टाकाही चढणार नाही असं होतं. आणि मीही शहाणा, सांगायला हवं होतं ते सांगितलं नव्हतं. खळ न दिलेलं सूत मागायचं असतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

मी लडी कोमट पाण्यात भिजत घातल्या, रिठ्याचं पाणी घातलं आणि बादली गच्चीवर नेऊन ठेवली. चोळायचं नाही, नाहीतर लोकर आटून गोळा होते. नुसतं दाबायचं, पाणी बदलायचं, पुन्हा दाबायचं. पहिलं पाणी पेजेसारखं निघालं. दुपारी ऊन लागलं आणि वास सुटला. ओल्या मेंढराचा, चिंचोक्याचा. मला तो घरचा वास. मालकीणबाई पदर नाकाला लावून वर आल्या.

"भैया, ऊपर कुछ मर गया है क्या?"

"नहीं आंटीजी, ऊन भिगोई है."

"ऊन ऐसी महकती है?"

"भेड़ से आती है तो ऐसी ही महकती है."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग बादलीकडे, मग पायऱ्या उतरून गेल्या. खाली त्यांचा आवाज आला, "सुनते हो? ऊपर वालों ने भेड़ पाल ली है."

खळ निघाली आणि सूत मऊ पडलं. मऊ म्हणजे आमच्या घरच्या अर्थानं. गालाला लावलं तर अजून टोचत होतंच. एकेरी सूत विणताना मुरड घेत होतं, म्हणून खादीच्या दुकानातून टकळी आणली आणि दोन धागे एकत्र पीळ देऊन घेतले. टकळी फिरवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी घरात सगळे फिरवायचे, मीही फिरवायचो. सुलट-उलट बायकोनं शिकवलं. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ती म्हणायची, "अहो, धागा पुढून! पुढून घ्या! हे काय, बँकेत असेच हिशेब करता का?" आम्ही दोघं खूप हसलो त्या दिवसांत.

हसणं थांबलं ते मी विणकाम गच्चीवर नेलं तेव्हा.

कारण साधं होतं. काळ्या सुताचे काळे टाके बल्बच्या उजेडात दिसत नाहीत. आमच्या खोल्यांना दिवसाही अंधार. शनिवारी बँक अर्धा दिवस. घरी आलो, चटई घेतली, सुया घेतल्या. बायको दारात आडवी आली.

"खिडकीपाशी बसा."

"खिडकीत ऊन कुठंय?"

"मग उद्या सकाळी लवकर जा, कोणी नसताना."

"का?"

"का म्हणजे! तिथे सगळ्या बायका असतात. पुरुष कोणी विणतो का?"

"आमच्या घरी पुरुषच विणतात. रस्त्याकडेच्या ओसरीत बसून. दार लावून कुणी विणलेलं मी बघितलं नाही."

"ते तुमच्या गावात. इथे मला त्यांच्यात बसायचं असतं. तुम्ही सोमवारी बँकेत निघून जाल."

ती खोटं बोलत नव्हती. मी तरीही वर गेलो.

खाटांवरच्या बायका माझ्या हातातल्या सुयांकडे बघायला लागल्या. मी कठड्याजवळ चटई टाकली आणि विणायला लागलो. मग एकीला हसू फुटलं आणि सगळ्यांना फुटलं.

"भैया, बैंक की नौकरी छूट गई क्या?"

"नहीं, अभी तक तो है."

"हमारे लिए भी एक स्वेटर डाल दो ना!"

"पहले ये उतर जाए."

"हमारे वाले को भी भेज दें? दिन भर अख़बार चाटते हैं."

"भेज दीजिए. चटाई बड़ी है."

त्या हसत होत्या, मीही हसत होतो, पण कान तापले होते. मालकीणबाईंनी मोठ्यानं जिन्याकडे तोंड करून म्हटलं, "बहू, ये क्या करवा रही हो मर्द से!" बायको त्या दिवशी वर आलीच नाही. पुढच्या शनिवारीही आली नाही. म्हणजे मी गच्चीवर बसलो आणि ती गच्चीवरून उठली. हे मला दिसत होतं. मी थांबलो नाही.

मग एका रविवारी घरमालक स्वतः वर आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शांत, अदबशीर गृहस्थ. कठड्याला टेकून उभे राहिले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "आप अफ़सर आदमी हैं. मोहल्ले में लोग पूछते हैं. अच्छा नहीं लगता. भीतर बैठकर कर लीजिए ना."

"भीतर रोशनी नहीं है, अंकलजी."

"तो रहने दीजिए. ज़रूरी है क्या?"

"जी. ज़रूरी है."

"किसलिए?"

मी त्यांना सांगितलं की माझे वडील हेच काम करतात, आजोबा हेच करायचे, आणि त्यावरच मी शिकलो. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "वो तो मजबूरी थी, बेटा. आपको क्या मजबूरी है?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "इसीलिए तो कर रहा हूँ."

त्यांनी मान हलवली, पटल्याची नव्हे, आणि खाली गेले. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसानं मालकाशी असं बोलू नये हे मला कळत होतं. दोन टाके निसटले. ते उचलून घेतले आणि ओळ पुरी केली.

मफलर संक्रांतीच्या आधी पुरा झाला. बायकोनं आरशासमोर घातला, पान चिरेतून ओढलं आणि मान जोरात इकडून तिकडे हलवली. उडी मारली. पान हललं नाही. चीर जागच्या जागी.

"बसला," ती म्हणाली. मग मानेत बोट घालून, "टोचतोय."

"टोचणारच."

"मी शाळेत घालीन. गल्ली संपली की घालायचा, परत येताना चौकात काढायचा. इथल्या बायकांसमोर नाही."

मी म्हणालो, "मग नको घालूस."

"एवढं काय झालं त्यात? थंडी शाळेत जातानाच असते ना?"

"चौकात काढून पिशवीत कोंबायचा असेल तर बाजारातून गुलाबी घेऊन देतो. हा राहू दे."

ती रागानं लाल झाली. मफलर खुंटीवर अडकवला आणि तो तिथेच राहिला. सकाळी ती शाल डोक्याला घट्ट बांधून ल्यूनावर निघायची, संध्याकाळी कानात कोमट तेल घालायची. मला वाईट वाटायचं. एकदा ओठावर आलंही होतं, की घाल बाई, चौकात काढ नाहीतर कुठेही काढ. मी ते बोललो नाही. तो मफलर तिनं घालावा यापेक्षा त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं, आणि लपवून घातलेला मला चालणार नव्हता.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या खोलीत होतं. ओळखीच्या चार मराठी बायका येणार होत्या, आणि बायकोनं मालकीणबाईंनाही, गच्चीवरच्या सगळ्यांनाही बोलावलं होतं. मी आत स्वयंपाकघरात चहा उकळत होतो. मधे पडदा होता. तिनं काळी चंद्रकळा नेसली होती. बायका यायला लागल्या तसं मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर खुंटी मोकळी होती.

मालकीणबाई दारातच थबकल्या. "हाय राम, त्योहार के दिन काला!"

"हमारे यहाँ आज के दिन काला ही पहनते हैं, आंटीजी."

"और ये गले में? ये वही है? भैया वाला?"

"वही है."

तेवढ्यात मराठी बायकांतल्या सगळ्यात वडील बाई, एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पत्नी, मफलर चाचपून म्हणाल्या, "छान आहे गं नमुना. कुठली लोकर ही? कुणी विणला?"

चहा उतू जात होता. मी गॅस बंद केला, पण पातेलं उतरवलं नाही.

"ह्यांनी विणला, काकू. सूत सासऱ्यांच्या हातचं. घोंगड्याचं."

"अगंबाई! घोंगडं गळ्यात?" काकू हसल्या. त्या हसण्यात गच्चीवरच्यापेक्षा जास्त काहीतरी होतं. गच्चीवरच्यांना घोंगडं म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. यांना चांगलं माहीत होतं.

"हो काकू, घोंगडं," बायको म्हणाली. "तिळगूळ घ्या."

मालकीणबाईंना मराठी कळत नव्हती, पण सूर कळला असावा. त्या पुढे झाल्या, चिरेतलं पान दोन बोटांत धरून ओढून बघितलं. निघालं नाही. मग त्यांचं लक्ष बायकोच्या मानेकडे गेलं.

"गर्दन तो सारी लाल हो गई. चुभता नहीं?"

"चुभता है."

"तो?"

"तो चुभे," बायको म्हणाली आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावायला वाकली.

मी चहा गाळला. कप पडद्याबाहेर द्यायचे होते, एरवी ती हात आत घालून घ्यायची. त्या दिवशी मी तबक घेऊन स्वतःच बाहेर गेलो. बायका जराशा सरकल्या, काकूंनी माझ्या हाताकडे बघितलं. 

पुढच्या शनिवारी मी उरलेलं सूत घेऊन गच्चीवर गेलो. कुणी मला खाटेवर बोलावलं नाही. तेवढ्यात पायऱ्यांवर तिच्या चपला वाजल्या. खाटेवरच्या दोघी सरकल्या, तिला जागा केली. ती त्यांच्याकडे बघून हसली, पुढे आली आणि माझ्या चटईवर बसली. मफलर गळ्यात होता, पान चिरेत घट्ट, आणि हातात तिच्या स्वतःच्या सुया.

"धागा द्या इकडे," ती म्हणाली. "आणि टाके मोजा, मी घालते."